ताटातला कर्पस, पडद्यातला कर्पस

आपल्या सणांच्या वर्षात एक शब्द दोनदा कानावर पडतो आणि दोन्ही खेपांना आपण तो ऐकून सोडून देतो. पहिली खेप पुरीमची, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या भाषेत होळीच्या सणाची. एस्तेरची मगिल्ला वाचायला नुकती सुरुवात झालेली असते, मुलं खुळखुळे हातात धरून हामानच्या नावाची वाट पाहत असतात, आणि पहिल्याच अध्यायाच्या सहाव्या ओळीत शूशनच्या राजवाड्यातल्या पडद्यांचं वर्णन येतं. त्यात तीन शब्द एकापाठोपाठ आहेत: हूर, कर्पस आणि तखेलेत. दुसरी खेप त्यानंतर महिन्याभराने, पेसाखच्या रात्री. सेदेरच्या क्रमातलं तिसरं नाव कर्पस. ते उच्चारायचं, हिरवी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची आणि तोंडात टाकायची. हिब्रूत दोन्ही शब्द त्याच चार अक्षरांनी लिहितात: काफ, रेश, पे, सामेख.

या शब्दाबद्दल आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या हातून झालेली एक चूक आहे, आणि ती चूक आता माझ्या एकट्याची राहिलेली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या मंडळींच्या एका पेसाखच्या मेळाव्यात मी भाषण केलं. त्यात ठासून सांगितलं, की सेदेरच्या ताटातला कर्पस म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपला कापूस. संस्कृत कार्पास, फारसी करबास, हिब्रू कर्पस, मराठी कापूस. तेव्हा ज्या रात्री सारं यहुदी जग मिसरमधून सुटकेची कथा सांगतं, त्या रात्री प्रत्येक ताटात हिंदुस्थानातून आलेला एक शब्द असतो! टाळ्या पडल्या. दोन-तीन वयस्कर बायांनी नंतर येऊन माझा हात हातात घेतला. पुढे हे वाक्य माझ्यापासून सुटलं. कुणाच्या घरच्या सेदेरला ते पाहुण्यांना सांगितलं जाऊ लागलं, मग नातवंडांना, आणि परवा माझ्याच नातवाने ते शाळेच्या निबंधात लिहून आणलं. वहीच्या समासात बाईंनी लिहिलं होतं, "सुंदर कल्पना. पण भाजीचा आणि कापसाचा काय संबंध?"

प्रश्न अगदी साधा होता, पण मला तो भाषणाआधी सुचला नव्हता. सुचला असता तरी मी तो बाजूला सारला असता असं वाटतं. शुक्रवारी दुपारी मांडीवर कापसाच्या वाती वळणारी आई ज्याने पाहिली आहे, आणि आपल्या कुळाची ओळख ज्या गावांत "शनवार तेली" अशी होती तिथून जो आला आहे, त्याला कापूस आणि तेल हे दोन शब्द धर्मग्रंथात कुठे तरी सापडावेत असं फार वाटतं. आणि आपल्या पिढीला त्या वाटण्यामागे आणखीही एक कारण होतं. बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत, हे 1964 साली क्नेसेटला ठरावाने सांगावं लागलं. ज्यांच्याबद्दल असा ठराव करावा लागतो, ते पुरावे गोळा करायला लागतात. घरातली चांदीची वाटी, हग्गादाची जुनी मराठी प्रत, आणि काही नसेल तर एखादा शब्द. पण पुरावा खोटा निघाला तर बाकीच्या खऱ्या पुराव्यांनाही तो बुडवतो. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

माझी गाठ सोडवली ती आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका इस्फहानी गृहस्थांनी. तरुणपणी ते तिकडे कापडाच्या दुकानात होते. आम्ही दोघं हिब्रूत बोलतो, आणि दोघांचीही हिब्रू मागाहून शिकलेली. निबंधाची गोष्ट मी त्यांना जिन्यात सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे हे दोन शब्द आहेत. करफ्स आणि करबास. करफ्स आम्ही मटणात शिजवतो. करबास अंगावर घालतो. तुमच्या हिब्रूने दोघांना एकाच कपाटात कोंबलं त्याला आम्ही काय करणार?"

एवढ्या तीन-चार वाक्यांत माझं सगळं भाषण आडवं झालं. करफ्स म्हणजे सेलरीच्या जातीची भाजी. अरबीतही तिला करफ्सच म्हणतात. करबास म्हणजे सुती कापड. फारसीत एकात फ आहे, दुसऱ्यात ब आहे, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. हिब्रूच्या लिपीत मात्र दोघांचे उच्चार आणि अक्षरं एकच झाली. मिश्नाच्या शेवीइत या भागात नदीकाठी उगवणाऱ्या कर्पसचा उल्लेख आहे. तो अर्थात भाजीचा. नदीकाठी पडदे उगवत नाहीत. शिवाय पेसाखच्या सेदेरचं वर्णन करणाऱ्या मिश्नाच्या अध्यायात पहिल्या बुडवण्याच्या ठिकाणी कर्पस हे नावच नाही. तिथे नाव येतं ते खझेरेतचं, म्हणजे लेट्यूसच्या जातीच्या पानाचं. कर्पस हे नाव सेदेरच्या त्या पायरीला पक्कं चिकटलं ते नंतरच्या काळात.

आता शब्दांचं मूळ शोधणाऱ्यांसाठी मी एक साधा नियम स्वतःला घालून घेतला आहे. दोन शब्द एकाच कुळातले म्हणायचे तर तीन गोष्टी जुळायला हव्यात: आवाज, अर्थ आणि वाट. आवाज म्हणजे उच्चार नेहमीच्या वळणाने बदललेला दिसला पाहिजे. अर्थ म्हणजे वस्तू तीच किंवा तिच्या शेजारची असली पाहिजे. आणि वाट म्हणजे माणसं आणि माल खरोखर तिथून इथे जात होते हे दाखवता आलं पाहिजे. माझ्या भाषणात फक्त आवाज होता. ताटातला कर्पस अर्थाच्या परीक्षेतच नापास होतो.

पडद्यातला कर्पस मात्र तिन्ही परीक्षा उत्तम गुणांनी पास होतो, आणि खरी गंमत इथून पुढे आहे.

आवाज पाहा. संस्कृत कार्पास. मनुस्मृतीत ब्राह्मणाचं जानवं कशाचं असावं हे सांगताना हाच शब्द येतो. हिब्रूतल्या उच्चारात प तसाच राहिला आहे, ग्रीक कार्पासोसमध्येही राहिला आहे. आजच्या फारसीत त्याचा ब झाला, लॅटिन कार्बासुसमध्येही ब आहे. म्हणजे मगिल्लेतला शब्द हे जुनं रूप आहे, फारसीने प चा ब करण्याआधीचं. मराठीत आपण मधला र गाळला आणि शेवट आखडता घेतला: कापूस.

अर्थ पाहा. राजवाड्याच्या अंगणात टांगलेलं पांढरं, हलकं, दोऱ्यांनी बांधलेलं कापड. मगिल्लेचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा भाषांतरकाराने इथे कार्पासोसपासून झालेलंच विशेषण वापरलं, आणि लॅटिन भाषांतरातही त्याच कुळातला शब्द आहे. रोमन कवी लुक्रेशियस नाट्यगृहांवर ताणलेल्या छतासाठी हाच शब्द वापरतो. टांगायचं आणि ताणायचं कापड, हा अर्थ शूशनपासून रोमपर्यंत टिकला.

आणि वाट तर उघडीच आहे. मगिल्लेचा पहिला वाक्यखंड आपल्या लोकांना तोंडपाठ असतो, कारण त्यात आपला देश आहे: होदूपासून कूशपर्यंत, 127 प्रांतांवर राज्य करणारा राजा अहश्वेरोश. होदू म्हणजे हिंदुश, सिंधूकाठचा तो प्रांत जो पहिल्या दरायसने इराणच्या साम्राज्यात आणला. याच दरायसचा शूशनचा राजवाडा बांधल्याचा शिलालेख सापडला आहे. कुठला माल कुठून आणला त्याची त्यात यादी आहे: देवदार लेबनॉनचा, सोनं सार्दिस आणि बाख्त्रियाचं, आणि हस्तिदंत कूशचा, हिंदुशचा आणि अराखोसियाचा. होदू आणि कूश ही मगिल्लेतली जोडी त्या खऱ्याखुऱ्या यादीत एका ओळीत बसलेली आहे. कापसाचं नाव यादीत नाही, हेही सांगितलं पाहिजे. ती बांधकामाची यादी आहे, पडद्यांची नाही. पण अहश्वेरोश म्हणजे दरायसचा मुलगा झर्क्सिस असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्याच झर्क्सिसच्या सैन्यातल्या हिंदी शिपायांच्या अंगावर झाडाच्या लोकरीचे कपडे होते असं हिरोडोटस लिहितो. झाडाची लोकर म्हणजे कापूस. ग्रीकांकडे तेव्हा त्या वस्तूला आपलं नावच नव्हतं.

पुढे इ.स.च्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक खलाशी-पुस्तकात भडोचच्या आसपासच्या प्रदेशात कार्पासोस आणि त्याचं कापड मुबलक असल्याची नोंद आहे. त्याच पुस्तकात पैठणचं आणि तेरचं नाव आहे. तेरहून भडोचला साधं कापड आणि तलम कापड उतरत असे. पुढे कल्याण आणि चौल ही बंदरंही येतात. म्हणजे आपल्या कोकणच्या किनाऱ्याला हा शब्द घेऊन जाणारी जहाजं ओळखीची होती. एवढी खरी वाट समोर असताना मी भाजीच्या मागे का लागलो, याचं मलाच आता नवल वाटतं.

इथे एक पाऊल आणखी मागे जाऊन स्वतःच्या अभिमानालाही थोडी कात्री लावतो. "मूळ संस्कृत" म्हटलं की आपलं समाधान होतं. पण ऋग्वेदात कापसाचा उल्लेख सापडत नाही, आणि कार्पास हा शब्द आर्यभाषांचा नसून संस्कृतने तो इथल्याच कुठल्या तरी जुन्या भाषेतून उचलला असावा असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. कापूस स्वतः त्याहून किती तरी जुना. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला तांब्याच्या मण्यात अडकलेला कापसाचा धागा सापडला, तो सुमारे सात-आठ हजार वर्षांपूर्वीचा आहे. ज्यांनी तो पहिल्यांदा वळला त्यांची भाषा आपल्याला माहीत नाही. तेव्हा "आमचा शब्द" म्हणताना तो आमच्याकडे तरी कुणाकडून आला हे आठवावं. आणखी एक सापळा सांगतो: कापूस आणि कापड ही भावंडं आहेत असं आपण गृहीत धरतो. पण कापड आलं आहे संस्कृत कर्पट या शब्दापासून, आणि कर्पट म्हणजे चिंधी, ठिगळं लावलेलं वस्त्र. कोशकार हे दोन शब्द वेगळे धरतात.

आता टीकाकारांकडे वळतो, कारण माझी चूक त्यांच्यावर ढकलायचा मोह मला झाला होता. तल्मूदच्या मगिल्ला भागात कर्पस शब्दाची फोड रब्बी योसे बर हनीना अशी करतात: करीम शेल पस्सीम, म्हणजे पस्सीमच्या गाद्या. शब्द मधोमध तोडला आणि दोन हिब्रू शब्द केले. याच पस्सीमवरून पुढे योसेफच्या अंगरख्याकडे वाट जाते, कारण याकोबने त्याला दिलेला अंगरखाही पस्सीमचाच. राशीसारखा चोख टीकाकार उत्पत्तीच्या पुस्तकात त्या अंगरख्याचा अर्थ सांगताना मगिल्लेतल्या कर्पसची आठवण करून देतो. आणि मध्ययुगात नार्बोनचे रब्बी मानोआख सांगतात, की सेदेरचा कर्पस योसेफच्या अंगरख्याची आठवण म्हणून आहे, कारण त्या अंगरख्यामुळेच आपले पूर्वज मिसरला उतरले. भावांनी तो अंगरखा रक्तात बुडवला होता, आपण भाजी मिठाच्या पाण्यात बुडवतो. आणखी कुणी अक्षरं उलटी वाचून सामेख आणि परेख असे दोन भाग करतात: साठ अयुत माणसं आणि कष्टाची वेठ.

हे सगळं वाचल्यावर मला वाटलं, बघा, थोरामोठ्यांनीही ताटातला आणि पडद्यातला कर्पस एकच मानला! पण पुन्हा नीट वाचलं तेव्हा फरक कळला. रब्बी मानोआख कुठेही म्हणत नाहीत की भाजीचं नाव कापडावरून आलं. ते म्हणतात, नाव ऐकून आठवण करा. तो आवाजाचा उपयोग आहे, इतिहासाचा दावा नाही. गुलामीची कथा सांगायला बसल्यावर ती सुरू कुठून झाली? फरोहापासून नव्हे, घरातल्या हेव्यापासून. एका मुलाला मिळालेल्या चांगल्या कापडापासून. किती मोठी गोष्ट एका भाजीच्या पानावर त्यांनी ठेवली! मी त्याच आवाजावर काय ठेवलं? "आम्हीही इथे होतो" एवढंच. अर्थ लावणाऱ्याने ऐकणाऱ्याला स्वतःच्या दोषाकडे नेलं, मी ऐकणाऱ्यांना टाळ्यांकडे नेलं. दोघांनी शब्द सारखाच ताणला होता, पण त्यांनी तो ताणला हे लपवलं नाही.

रब्बी योसे बर हनीनांच्या फोडीबद्दल मात्र मी इतका उदार नाही. तिथे प्रश्न साध्या अर्थाचा होता, आणि परका शब्द परका आहे हे न ओळखता तो घरच्या दोन शब्दांत बसवला गेला. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे तेव्हाही शब्द ओळखणारे लोक जगात होते. ग्रीक भाषांतरकाराने तो ओळखला होता. पण ओळख एकदा सुटली की सुटत जाते. 1611 च्या इंग्रजी बायबलात तर शूशनच्या पडद्यांचे रंग पांढरा, हिरवा आणि निळा असे झाले. हिरवा कुठून आला? मला तरी दुसरं कारण दिसत नाही. भाजीने कापसाला गिळलं असावं. म्हणजे माझ्या चुकीची ही उलटी बाजू. मी ताटात कापूस घातला, त्यांनी पडद्याला भाजीचा रंग दिला. 1917 च्या यहुदी इंग्रजी भाषांतरात मात्र कापूस आहे.

इस्फहानी शेजाऱ्यांकडे पुन्हा गेलो तेव्हा विचारलं, करबास म्हणजे भारी कापड ना, राजवाड्यातलं? ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "करबास? जाडंभरडं. गरिबाच्या सदऱ्याचं, कफनाचं." आणि एक म्हण सांगितली, की अमुक दोघं म्हणजे एकाच करबासची दोन टोकं. आपण म्हणतो एकाच माळेचे मणी. कापसाला आज फारसीत करबास म्हणतच नाहीत, पंबे म्हणतात. पंबेचा प्रवासही दांडगा: तुर्कीत तो पामुक झाला, आणि पश्चिमेला बंबॅक्स होत होत इंग्रजीत बॉम्बास्ट झाला. आधी अर्थ कपड्यात भरायचा कापूस, मग अर्थ फुगवलेली भाषा. माझ्या त्या भाषणाला हा शब्द बरोबर बसतो. पिंजलेला कापूस होता, सूत त्यात नव्हतं.

करबास मात्र खाली उतरला. शूशनला चांदीच्या कड्यांतून, संगमरवरी खांबांना टांगलेला शब्द इस्फहानला कफनाचा झाला. आणि आपला कर्पट उलट वर चढला: चिंधी होता, कापड झाला, दुकानाच्या पाटीवर गेला. शब्दाचं मूळ सांगितलं म्हणजे त्याची किंमत सांगितली असं होत नाही. मूळ एक असतं. दर ज्या त्या बाजारात ठरतो. माणसांचंही फारसं वेगळं नसावं. मुंबईच्या गोदीत चांगल्या हुद्द्यावर असलेला माणूस इथल्या वाळवंटातल्या गावी येऊन कारखान्यात उभा राहिला, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

मगिल्ला या वर्षी पुस्तक समोर धरून वाचली. एक गोष्ट पूर्वी कधी लक्षात आली नव्हती. आठव्या अध्यायात मोर्दखाय राजवस्त्रं घालून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या अंगावर तखेलेत आणि हूर असतात. पहिल्या अध्यायातल्या तीन शब्दांपैकी दोन परत आले. तिसरा आला नाही. कर्पस साऱ्या हिब्रू बायबलात एकदाच येतो, त्या सहाव्या ओळीत. इब्री भाषेत तो रुळला नाही. इथे आज सुती कपड्याला आपण कुतना म्हणतो, आणि औषधाच्या दुकानात कापूस मागताना त्सेमेर गेफेन, म्हणजे द्राक्षवेलीची लोकर. हे नाव मिश्नाइतकं जुनं आहे. म्हणजे हिरोडोटसप्रमाणे इथल्या लोकांनीही त्या परक्या बोंडाला ओळखीच्या दोन वस्तूंचं नाव दिलं. आपला शब्द त्यांनी घेतला नाही. घ्यायलाच हवा होता असंही नाही.

नातवाला हे सगळं त्याच्या भाषेत समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे सबा, सेदेरच्या ताटात आपण नाहीच?" म्हटलं, ताटात जी भाजी आहे ती भाजीच आहे, ती नदीकाठी उगवते. योसेफच्या अंगरख्याची आठवण मनात आणायची असेल तर आण. ती आठवण जेवढी इतरांची तेवढीच तुझी. कापूस पाहिजे असेल तर महिनाभर आधी कान उघडे ठेव. होदूचं नाव झालं की पाच ओळी मोज. मुलं खुळखुळे वाजवायला अजून सुरुवात करणार नाहीत, त्यामुळे स्वच्छ ऐकू येईल.

निबंध त्याने पुन्हा लिहिला. आधीच्यापेक्षा अर्धा झाला. बाईंनी या वेळी समासात काही लिहिलं नाही, फक्त बरोबरची खूण केली. ज्या ज्या घरी माझं ते जुनं वाक्य सेदेरला सांगितलं जातं, त्यांनी पुढच्या वर्षी ते गाळावं अशी विनंती आहे.